मोटारीच्या आंतल्या सांध्याचें निदान

रोग ओळखण्याचीं साधनें आपल्या वैद्यकानें पांच मानलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. माधवनिदानाच्या आरंभींच त्यांचें विवेचन आहे. रोग कशानें झाला, तो येण्यापूर्वीं कोणतीं चिन्हें दिसलीं, आल्यावर त्याचें स्वरूप काय, कशानें बरें वाटतें आणि शरीराच्या आंत तो कसकसा वाढत गेला, ह्या पांच प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून औषधाच्या पुडीस हात लावूं नये, असा त्या शास्त्राचा आग्रह आहे. हा आग्रह लोखंडाच्या देहासही तितकाच लागू पडतो, हें ह्या महिन्याच्या लेखांत सांगावयाचें आहे. विषय मोटारीचा आहे. परंतु मोटार आतां पुष्कळ घरांत आली असून तिच्या दुरुस्तीचा खर्च घराच्याच तिजोरींतून जातो, तेव्हां तो गृहस्थाश्रमाबाहेरचा म्हणतां येणार नाहीं.

चिंचवडास आमच्या शेजारीं एक एकत्र कुटुंब राहतें. आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडें, आणि ह्या दहा जणांत मिळून एक अकरा वर्षांची मोटार. धाकटी सून चाकणच्या एका कारखान्यांत हिशेबखात्यांत आहे. ती रोज स्वतः मोटार हांकीत जाते. गेल्या वर्षीं चैत्रांत ती सासऱ्यांस म्हणाली, “मामंजी, भोसरीचा पूल चढतांना गाडी थरथरते, पाय उचलला कीं थांबते.” “रस्ताच तसा आहे, सूनबाई,” असें म्हणून मामंजींनीं तें बोलणें तेथेंच सोडून दिलें. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी, कुरुळी आणि चाकण असा तो पुणें-नाशिक मार्ग. त्यावरील मालमोटारींच्या रांगा आणि पावसाळ्यांतील खड्डे ज्यांनीं अनुभविले आहेत, त्यांस हें उत्तर खोटें वाटणार नाहीं.

थरथर मात्र वाढत गेली. मग गाडी दुरुस्तीच्या एका दुकानांत नेली. तेथें प्रथम चाकांचा तोल साधून दिला, पुढें दोन नवे टायर घातले, त्यानंतर इंजिनाचें फाउंडेशन बदललें. तीन बिलें झालीं आणि थरथर होती तशीच राहिली. आजींच्या मोतीबिंदूकरितां बाजूस ठेवलेल्या रकमेस हात लागला. त्याहून वाईट असें कीं, “हिच्याच हांकण्यांत कांहीं दोष असेल, हिनें कंपनीच्या बसनें जावें,” अशी भाषा घरांत होऊं लागली. बिघाड गाडीच्या सांध्यांत होता. दोष मात्र सूनबाईंच्या पदरीं पडूं लागला.

हा सांधा कोणता, तें समजण्यासाठीं गाडीच्या रचनेकडे थोडें वळलें पाहिजे. अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी ह्या जुन्या गाड्यांत इंजिन पुढें असे, पण ओढ मागच्या चाकांस मिळे. त्याकरितां गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा मागें जात असे आणि त्याला क्रॉस जॉइंट बसविलेले असत. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली. १९९८ सालीं पिंपरीस टाटांची इंडिका आली. २००९ च्या अखेरीस चाकणास फोक्सवॅगनची पोलो तयार होऊं लागली. ह्या तिन्ही गाड्यांत पुढचींच चाकें गाडी ओढतात. म्हणजे त्या चाकांनीं ओढावयाचें, वळावयाचें आणि खड्ड्यागणिक वरखालीही व्हावयाचें. गिअर बॉक्सपासून अशा प्रत्येक चाकापर्यंत एकेक आंखूड दांडा जातो. पुस्तकांत त्यास ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात. गॅरेजांत पुष्कळदां नुसतें ‘एक्सल’ म्हणतात. ह्या दांड्याच्या दोन्ही टोकांस एकेक सांधा असतो. तोच सी. व्ही. जॉइंट, आपल्या भाषेंत समगति सांधा.

समगति कां म्हणावयाचें? साधा क्रॉस जॉइंट वांकतो, परंतु वांकतांना गति सारखी ठेवीत नाहीं. सतराव्या शतकांत इंग्लंडांतील रॉबर्ट हूक ह्यानें त्याचा अभ्यास केला, म्हणून त्यास हूकचा सांधा असेंही म्हणतात. तो ३० अंशांत वांकवून त्याचें एक टोक अगदीं एकसारख्या वेगानें फिरविलें, तरी दुसरें टोक प्रत्येक फेऱ्यांत दोनदां शेंकडा १५ नें जलद आणि दोनदां शेंकडा १३ नें मंद होतें. वळणाऱ्या चाकास असे हिसके बसूं लागले तर स्टिअरिंग हातांत सुखानें राहणार नाहीं. ह्यावर फोर्ड कंपनींतील आल्फ्रेड झेपा नांवाच्या अभियंत्यानें १९२० नंतरच्या दशकांत छर्ऱ्यांच्या सांध्याची तोड काढली. १९५९ सालीं ब्रिटनमध्यें निघालेल्या मिनी गाडींत ह्या जातीचा सांधा बसला, आणि पुढच्या चाकांनीं ओढणाऱ्या लहान गाड्यांचा मार्ग मोकळा झाला.

दांड्याच्या दोन टोकांचीं कामें मात्र निराळीं आहेत. बाहेरचा सांधा चाकाजवळ असतो. स्टिअरिंग पूर्ण वळविलें असतां त्याला पुष्कळ वांकावें लागतें. आंतला सांधा गिअर बॉक्सजवळ असतो. त्याला वांकावें थोडें लागतें, परंतु चाक वरखालीं होतांना चाक आणि गिअर बॉक्स ह्यांतील अंतर कमीजास्त होतें, म्हणून त्याला आंतबाहेर सरकावें लागतें. बहुतेक लहान गाड्यांत त्यासाठीं एक खोल वाटी असते. तिच्या आंतल्या भिंतीस तीन खोबणी, आणि त्या खोबणींत सरकणारा तीन हातांचा ट्रायपॉड. प्रत्येक हाताच्या टोकास बारीक सुयांच्या बेअरिंगवर फिरणारा एक रोलर असतो. वाटीच्या तोंडावर पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा रबरी बूट चढविलेला असून त्यांत ग्रीस भरलेलें असतें. कांहीं गाड्यांत आंतही छर्ऱ्यांचाच सांधा असतो आणि तो बोल्टांनीं जोडलेला असतो, तत्त्व तेंच.

आतां पांच साधनें क्रमानें लावून पाहूं.

निदान, म्हणजे रोगाचा हेतु. बहुधा तो बुटांत सांपडतो. रबर चिरतें किंवा त्यावरील पट्टी ढिली होते. मग फिरत्या दांड्याबरोबर ग्रीस बाहेर उडतें आणि पावसाचें पाणी व धूळ आंत शिरते. ग्रीस आणि बारीक वाळू ह्यांच्या मिश्रणानें पोलाद कसें घासलें जातें, हें ज्यानें लोखंडावर कानस चालतांना पाहिली आहे त्यास सांगावयास नको. बूट शाबूत असूनही दीर्घ वापरानें सांधा झिजतो. परंतु फाटका बूट वर्षांचें काम महिन्यांत उरकतो.

पूर्वरूप डोळ्यांनीं दिसतें. पुढच्या चाकाच्या आंतल्या बाजूस, गिअर बॉक्सवर किंवा आसपासच्या पत्र्यावर ग्रीसचे काळे शिंतोडे उडालेले दिसतात. ह्या वेळीं आवाज नसतो, थरथर नसते. येथेंच सांधा उघडून, स्वच्छ धुऊन, तपासून, नवें ग्रीस आणि नवा बूट घातला तर सांधा पुष्कळदां वांचतो. बुटाची किंमत सांध्याच्या किमतीपुढें अल्प असते.

रूप, म्हणजे प्रत्यक्ष लक्षण: अ‍ॅक्सिलरेटर दाबतांच, विशेषतः चढावर आणि भरल्या गाडींत, बैठकीखालून व पायाखालून थरथर जाणवते. पुढें रोग वाढला म्हणजे गाडी मागें घेऊन पुन्हां पहिल्या गिअरमध्यें टाकतांना ‘खट्’ असा एक ठोका ऐकूं येतो.

उपशय, म्हणजे ज्यानें आराम पडतो तें. पाय उचलला, इंजिनाची ओढ सुटली, कीं गाडीचा वेग तोच असूनही थरथर थांबते.

संप्राप्तीनें ह्या साऱ्याचा उलगडा होतो. गाडी बहुतेक वेळ एकाच उंचीवर चालते, म्हणून रोलर खोबणींत बहुतेक वेळ एकाच जागीं रहातात आणि कालांतरानें तेथें उथळ खळगे पाडतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला कीं गाडीचें नाक किंचित् उचलतें, दांड्याचा कोन बदलतो, आणि पूर्ण ओढ अंगावर असतांना रोलरांना त्या खळग्यांतून बाहेर यावें लागतें. हात तीन, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यांत हिसके तीन. तासीं ६० किलोमीटर वेगानें लहान गाडीचें चाक सेकंदास सुमारें ९ फेरे घेतें. म्हणजे सेकंदास सुमारें २७ हिसके. ते वेगवेगळे कळत नाहींत. सर्व मिळून थरथर होते. ओढ नाहींशी झाली कीं रोलरांवरचा भार जातो आणि सांधा मुका होतो.

नैयायिक ज्यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तो येथें असा उभा राहतो: ओढ असेल तेथें थरथर आहे, ओढ नसेल तेथें थरथर नाहीं. ह्याच एका कसोटीनें इतर रोग बाजूस पडतात. चाकांचा तोल बिघडला असेल तर हादरा बहुधा तासीं ८० किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंगमध्यें येतो आणि पाय उचलला म्हणून थांबत नाहीं. इंजिनाचें फाउंडेशन गेलें असेल तर गाडी उभी असून इंजिन मंद चालूं असतांनाही कंप जाणवतो. चाकाचें बेअरिंग गेलें तर घुमल्यासारखा आवाज वेगाबरोबर चढत जातो. ब्रेकचा दोष ब्रेक दाबल्यावरच बोलतो. बाहेरचा सांधा झिजला असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश जातांना कटकट असा आवाज येतो. आणि रस्त्याचा दोष असेल तर रस्ता बदलतांच तो मागें राहतो.

आतां सूनबाईंचें चैत्रांतील वाक्य पुन्हां वाचावें. ‘पूल चढतांना थरथरते’ हें रूप झालें आणि ‘पाय उचलला कीं थांबते’ हा उपशय झाला. निम्मी परीक्षा त्या एका वाक्यांत होती. घरांतील कोणी तें नीट ऐकलें नाहीं, आणि दुकानांत गाडी घेऊन थोरले भावोजी गेले होते. त्यांनीं तेथें “गाडी हलते” एवढेंच सांगितलें. हलणाऱ्या गाडीस जे उपाय प्रथम सुचतात ते दुकानदारानें केले.

श्रावणांत हें प्रकरण माझ्या कानावर आलें. माझे कित्येक विद्यार्थी पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत पसरले आहेत; यंत्रांविषयीं मला जें थोडें कळतें तें त्यांच्याच पदरचें. मीं सूनबाईंस एक वही करावयास सांगितलें. चार दिवस त्यांनीं लिहिलें: वेग किती, रस्ता सपाट कीं चढाचा, गाडींत माणसें किती, पाय दाबलेला कीं उचललेला. चारही दिवसांचा निकाल एकच होता. ती वही घेऊन आम्ही भोसरीच्या एका मिस्त्रीकडे गेलों. हाही माझा जुना विद्यार्थी. त्यानें वही वाचली, गाडींत सूनबाईंशेजारीं बसून एक फेरी मारली, आणि म्हणाला, “गुरुजी, हा आंतला जॉइंट. वहिनींनीं अर्धें काम केलेंच आहे.”

तरीही त्यानें हातानें खातरी करून घेतली. इंजिन बंद करून तो खालीं गेला. दांडा आंतल्या सांध्याजवळ धरून वरखालीं हलविला, थोडा पिळून पाहिला, आणि दोन्ही बाजूंची तुलना केली. दांडा आंतबाहेर सरकणें हा ह्या सांध्याचा धर्म आहे, त्यास दोष समजूं नये. वरखालीं खुळखुळणें हा दोष होय. डाव्या बाजूस तो खुळखुळा स्पष्ट होता, आणि बुटाच्या लहान टोकाची पट्टी ढिली होऊन तेथें काळें ग्रीस सांचलें होतें. त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली ती ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गाडी अधांतरीं उचलून, चाकें लोंबकळत ठेवून इंजिनानें फिरविलीं तर चांगले सांधेही वेडेवांकडे आवाज करतात, कारण त्या वेळीं दांड्याचा कोन नेहमींचा नसतो. तो पुरावा धरूं नये.

ह्यापुढची चिकित्सा मिस्त्रीनेंच करावयाची. परंतु ती कशी होते हें ठाऊक असलेला गृहस्थ दुकानांत आंधळ्यासारखा उभा राहत नाहीं, म्हणून क्रम देतों.

गाडी सपाट जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांस ठोकळे लावावे. चाक जमिनीवर असतांनाच मधला मोठा नट ढिला करावा. मागाहून चाक अधांतरीं झालें म्हणजे तो निघणें कठीण. मग जॅकनें गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकवरील गाडीखालीं कोणीही जाऊं नये. ह्या एका नियमास अपवाद नाहीं. चाक काढल्यावर खालचा बॉल जॉइंट सोडवून दांड्याचें बाहेरचें टोक मोकळें करावें. ब्रेकच्या नळीवर ताण येऊं देऊं नये. गिअर बॉक्सखालीं तेलासाठीं परात ठेवून, वाटी आणि गिअर बॉक्स ह्यांच्या फटींत टॉमी घालून बेताच्या हिसक्यानें सांधा बाहेर काढावा. दांडा धरून ओढूं नये. तसें केल्यास बुटाच्या आंतच सांधा निखळतो.

मेजावर घेतल्यावर बूट कापून वाटी उतरवावी, ट्रायपॉड दांड्यावर कसा बसला आहे त्याची खूण करावी, टोकाची सर्क्लिप काढून तो उतरवावा आणि दांडा स्वच्छ पुसावा. खोबणींत खळगे असतील तर वाटी आणि ट्रायपॉड दोन्ही बदलावे. जुन्या खोबणींत नवा रोलर घालणें किंवा झिजलेल्या सांध्यांत नुसतें ग्रीस कोंबणें हा उपाय नव्हे. बाहेरचा सांधाही कटकटत असेल तर पुष्कळदां सबंध दांडाच बदलणें स्वस्त पडतें. जोडतांना प्रथम लहान पट्टी आणि नवा बूट दांड्यावर चढवावा, मग ट्रायपॉड, मग नवी सर्क्लिप. हा क्रम उलटला तर केलेलें सर्व काम पुन्हां उलगडावें लागतें. नवशिक्यांची येथेंच थट्टा होते. सांध्याबरोबर आलेलें ग्रीस सगळें घालावें, दुसऱ्या जातीचें घालूं नये. पट्टी आवळण्यापूर्वीं बुटाची कड किंचित् उचलून आंत कोंडलेली हवा सोडून द्यावी.

गिअर बॉक्सच्या तोंडाशीं नवें ऑइल सील बसवावें. सांधा आंत ढकलतांना सर्क्लिप ‘टक्’ करून बसली पाहिजे. मग वाटी हातानें ओढून पाहावी. मधला नट नवा घ्यावा आणि चाक जमिनीवर टेकल्यावर गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानेंच, टॉर्क दाखविणाऱ्या पान्यानें आवळावा. शेवटीं गिअर बॉक्सचें तेल पूर्ववत् भरावें. हें तेल भरावयाचें राहिलें तर सांध्याच्या दुरुस्तीनें गिअर बॉक्सचा घात होतो.

आमच्या शेजाऱ्यांचें हें काम एका दुपारीं झालें. मिस्त्रीनें जुनी वाटी धुऊन आजोबांच्या हातांत दिली. डोळ्यांस तींत फारसें कांहीं दिसत नव्हतें. परंतु त्यांनीं खोबणींतून बोट फिरविलें तेव्हां तें एका जागीं अडखळलें. त्यांनीं तें पुन्हां फिरविलें, आणि पुन्हां तेथेंच अडखळलें. “सूनबाई चैत्रांतच सांगत होती,” एवढेंच ते बोलले. त्या संध्याकाळीं दहाही माणसें मावतील तशीं दोन खेपांनीं भोसरीचा पूल चढून आलीं. बसची भाषा त्यानंतर निघाली नाहीं. आजींची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली. ती दोन महिने लांबली, हा मात्र ह्या न ऐकलेल्या वाक्याचा खरा खर्च होय.

दुर्लक्ष आणखी लांबलें असतें तर? फार झिजलेला सांधा भर रस्त्यांत निखळूं शकतो. तसें झालें म्हणजे इंजिन गर्जत राहतें आणि चाकांस ओढ मिळत नाहीं, कारण गिअर बॉक्समधील भेदक चक्रें सगळी शक्ति त्या मोकळ्या बाजूस वाहून नेतात. चाकणच्या वाटेवर, पुढें मागें मालमोटारी असतांना, घरची सून किंवा मुलगा अशा गाडींत अडकावा असें कोणास वाटेल?

म्हणून दोन गोष्टी सुचवितों. पहिली अशी कीं, जो रोज गाडी हांकतो त्याच्या बोलण्यास साक्षीचा मान द्यावा, मग तो वयानें लहान असो कीं मानानें धाकटा. दुकानांतही त्यालाच पाठवावें, आणि बरोबर चार ओळींची टिपण द्यावी. काढलेला जुना भाग नेहमीं मागून घ्यावा व घरांतील सर्वांनीं पाहावा. दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. दसऱ्यास आपण मोटार धुतों, तिला झेंडूची माळ घालतों, कुंकूं लावतों. त्या दिवशीं एक जुनें पोतें जमिनीवर अंथरून पुढच्या चाकांच्या मागें बॅटरीचा उजेड पाडावा आणि चारही बूट डोळ्यांनीं तपासावे. रबर कोरडें आणि अखंड असेल तर उठून आरती करावी. काळे शिंतोडे दिसले तर दुसऱ्याच दिवशीं मिस्त्रीकडे जावें. वर्षांतून दुसऱ्यांदा हेंच ज्येष्ठांत, पहिल्या पावसाच्या आधीं करावें.